कोट्यवधी मोजूनही गोल दाखवता येत नाही

फुटबॉल विश्वचषकाच्या सामन्यात ८८व्या मिनिटाला गोल होतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात शेकडो चाहते टीव्हीच्या पडद्याचंच शूटिंग करून ते सोशल मीडियावर टाकून मोकळे होतात. मैदानाच्या कडेच्या फलकावर जिचं नाव झळकतंय, जिने या स्पर्धेसाठी कोट्यवधी डॉलर मोजलेत, त्या कंपनीच्या अकाउंटवर मात्र जाळ्यात शिरणाऱ्या चेंडूचं कार्टून दिसतं. नाहीतर सोफ्यावरून आनंदाने उडी मारणारा एखादा मॉडेल. गोल नाही तो नाहीच.

यात कल्पनाशक्तीचा दोष नाही. त्या कंपनीला गोल दाखवायचा हक्कच नसतो. सामन्याचं चित्रण प्रक्षेपकांनी वेगळे पैसे देऊन घेतलेलं असतं आणि प्रायोजकाच्या करारात ते सहसा येत नाही. सोशल मीडियावर प्रायोजक कधीकधी विचित्र का वागतात, हे कळायचं असेल तर आधी त्यांनी काय विकत घेतलंय आणि काय घेतलेलं नाही ते पाहावं लागतं.

करारात काय असतं

प्रायोजकत्व म्हणजे जाहिरातीची जागा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती हक्कांची यादी असते. स्पर्धेचं नाव, बोधचिन्ह, शुभंकर वापरायची मुभा, 'अधिकृत भागीदार' म्हणवून घ्यायची मुभा, तिकिटांचा कोटा, आणि यादीतली बहुधा सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे आपल्या धंद्यात दुसरं कुणी नसेल याची हमी. शीतपेय एकच, कार्ड कंपनी एकच. ऑलिम्पिकचा 'टॉप' कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला तो याच पायावर.

ऑलिम्पिकमध्ये तर आणखी एक पेच आहे. तिथे मैदानात जाहिरातीचे फलक नसतात. वेळ मोजणाऱ्या कंपनीचं घड्याळावरचं नाव, कपड्यांवर उत्पादकाचं छोटं चिन्ह, असे मोजके अपवाद. म्हणजे सगळ्यात महागड्या प्रायोजकत्वांपैकी एक घ्यायचं आणि स्टेडियममध्ये नाव दिसायचं नाही! मग जे करायचं ते बाहेर. पॅरिसला २०२४ मध्ये सॅमसंगने यातून वाट काढली ती अशी, की पदकं मिळाल्यावर विजेत्यांनी व्यासपीठावरच कंपनीच्या घडीच्या फोनवर सेल्फी काढायचा. फलक नाही, पण वस्तूच चित्रात. टेबल टेनिसच्या मिश्र दुहेरीत चीन, उत्तर कोरिया आणि दक्षिण कोरियाच्या खेळाडूंनी एकत्र काढलेला सेल्फी जगभर फिरला. इतकी चर्चा कुठल्याही फलकाने मिळवून दिली नसती.

करार हातात आला की जाणकार एजन्सी सगळ्यात आधी एक तक्ता बनवते. त्याचे रकाने असे: कोणती मालमत्ता, कोणत्या देशांत, कोणत्या प्लॅटफॉर्मवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मंजुरी कोणाची, आणि ती यायला किती दिवस. त्यातली एक ओळ पाहू. शुभंकराचं चित्र वापरता येईल. पण त्याच्या हातात आपली बाटली देता येणार नाही, रंग बदलता येणार नाहीत, त्याच्या तोंडी वाक्य घालता येणार नाही, आणि प्रत्येक चित्र आयोजकांकडून मंजूर होऊन यायला पाच ते दहा दिवस लागतील. ही ओळ न वाचता डिझायनरने रात्री बसून शुभंकराला बाटली तोंडाला लावताना काढलं, की ती मेहनत पाण्यात.

खेळाडूंच्या चेहऱ्याचं गणित आणखी वेगळं. स्पर्धेचे हक्क घेतले म्हणून खेळाडू मिळत नाही. संघाशी करार असला तरी अनेक करारांत अट असते की गणवेशातले तीन किंवा जास्त खेळाडू एकत्र दाखवायचे. एकटाच दाखवला तर ती त्याची वैयक्तिक जाहिरात ठरते आणि तिचे पैसे वेगळे. पोस्टरवर कर्णधाराच्या दोन्ही बाजूंना दोघेजण उगाच उभे केल्यासारखे का दिसतात, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

फोटो आणि गाणं या दोन ठिकाणी नवखे लोक हमखास फसतात. छायाचित्रसंस्थेकडून घेतलेला सामन्याचा फोटो 'संपादकीय' परवान्याचा असेल तर तो बातमीत चालतो, ब्रँडच्या पोस्टमध्ये नाही. ट्रेंडमध्ये असलेलं गाणं साध्या अकाउंटला वापरता येतं; व्यावसायिक अकाउंटला प्लॅटफॉर्मचा वेगळा, मर्यादित संगीतसंग्रह असतो. चाहत्याने टाकलेली गोलची क्लिप उतरवून ब्रँडच्या अकाउंटवर चढवणं ही तर सगळ्यात महागात पडणारी घाई. पोस्ट उडते, अकाउंटवर तक्रार नोंदली जाते, आणि अशा तक्रारी साठत गेल्या तर ऐन स्पर्धेत अकाउंट बंद पडू शकतं.

या धंद्यात जुना ठोकताळा आहे: हक्कांना जेवढे पैसे दिले तेवढेच, जमलं तर दुप्पट, ते हक्क वापरण्यासाठी बाजूला ठेवा. याला 'ॲक्टिव्हेशन' म्हणतात. सगळी रक्कम हक्कांवरच खर्च करून बसलेले प्रायोजक स्पर्धाभर 'आम्ही अधिकृत भागीदार आहोत' एवढंच सांगत राहतात, आणि ते ऐकण्यात कुणालाच रस नसतो.

दारातून न येणारे

हक्क न घेता स्पर्धेची हवा आपल्या शिडात भरून घेणं म्हणजे ॲम्बुश मार्केटिंग. सोशल मीडियाने ते फारच स्वस्त केलं. पूर्वी त्यासाठी स्टेडियमबाहेर माणसं उभी करावी लागत. आता एक हॅशटॅग पुरतो.

आयोजकही म्हणूनच शब्दांवर पहारा बसवतात. लंडन ऑलिम्पिकसाठी ब्रिटनने २००६ मध्ये केलेल्या कायद्यात शब्दांच्या दोन याद्याच होत्या. पहिलीत 'गेम्स', '२०१२' वगैरे. दुसरीत 'गोल्ड', 'सिल्व्हर', 'ब्राँझ', 'लंडन', 'मेडल्स', 'समर' असे. पहिल्या यादीतले दोन, किंवा पहिल्यातला एक आणि दुसऱ्यातला एक असे शब्द जाहिरातीत जोडीने आले, की ऑलिम्पिकशी संबंध सुचवल्याचं न्यायालय मानू शकत असे. त्या वेळी अधिकृत प्रायोजक होती आदिदास. नाइकेने काय केलं, तर जगात इतरत्र 'लंडन' नावाची जी गावं आहेत तिथल्या साध्या माणसांना पळताना, उड्या मारताना दाखवलं. ना खेळांचं नाव, ना वर्ष, ना पदक. उद्‌घाटनाच्या सुमारासच ती मोहीम आली आणि लोकांना जे समजायचं ते समजलं. पहारेकऱ्यांनी नियम एवढे बारीक लिहिले होते, की कुठून शिरायचं याचा नकाशाच त्यांनी हातात दिला असं म्हणावंसं वाटतं.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने प्रायोजक नसलेल्या कंपन्यांना पत्रं पाठवून स्पर्धेशी निगडित हॅशटॅगही वापरू नका असं बजावलं. हॅशटॅग म्हणजे चर्चेची खूण, की व्यापारचिन्हाचा वापर? चाहत्यासाठी पहिलं, कंपनीसाठी बरेचदा दुसरं. स्वतः पाठबळ दिलेल्या खेळाडूचं साधं अभिनंदन करतानाही छोट्या ब्रँडना शब्द तोलून वापरावे लागतात, ते यामुळे.

खेळाडूंवरचं बंधन ऑलिम्पिक सनदेच्या नियम ४० मध्ये आहे. स्पर्धेच्या काळात त्यांचं नाव, चेहरा जाहिरातीसाठी कसा वापरता येईल ते तो नियम ठरवतो. लंडनच्या वेळी अनेक ॲथलीटांनी ट्विटरवरच 'वुई डिमांड चेंज' असा हॅशटॅग चालवून त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१९ मध्ये जर्मनीत बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने जर्मन खेळाडूंपुरती ही बंधनं सैल करायला लावली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समितीनेही नियमाची भाषा बदलली. पॅरिसच्या वेळी हा काळ १८ जुलै ते १३ ऑगस्ट २०२४ असा होता. खेळाडूला आपल्या वैयक्तिक प्रायोजकाचे आभार मर्यादित स्वरूपात मानता येतात. पण त्यात ऑलिम्पिकची कडी नकोत, पदकाचा फोटो नको, आणि 'यांच्या बुटांमुळेच जिंकलो' असा सूर तर अजिबात नको. म्हणून शहाणे वैयक्तिक प्रायोजक आभाराच्या पोस्टचा मसुदा आधीच तयार करून, देशाच्या समितीकडून तपासून, खेळाडूच्या हातात देऊन ठेवतात. पदक जिंकल्यावर रात्री दोन वाजता कुणी नियमावली उघडत नाही.

सामन्याच्या रात्री

३ फेब्रुवारी २०१३. न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल चालू असताना स्टेडियमची वीज गेली आणि खेळ ३४ मिनिटं थांबला. ओरिओ बिस्किटाच्या अकाउंटवर ट्वीट आलं: अंधुक उजेडात एक बिस्किट, आणि आशय असा की अंधारातही ते दुधात बुडवून खाता येतं. त्याचं कौतुक आजही 'हजरजबाबीपणा' म्हणून होतं. खरी गोष्ट कमी रोमांचक आणि जास्त उपयोगी आहे. त्या रात्री कॉपीरायटर, डिझायनर आणि होकार देण्याचा अधिकार असलेले कंपनीचे लोक एकत्र बसलेले होते. विनोद सुचायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो 'चालेल' म्हणणारा माणूस शोधायला.

आता गोल झाल्यापासून पोस्ट पडेपर्यंत काय होतं ते पाहू. गोल झाला. पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही, कारण व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच, तो रद्द करू शकतात. अभिनंदनाची पोस्ट टाकली आणि गोल ऑफसाइड ठरला, तर तिचे स्क्रीनशॉट स्पर्धा संपेपर्यंत फिरतात. या वेळात डिझायनर तयार साचा उघडून स्कोअर भरतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मजकूर. मग दुसऱ्या माणसाची तपासणी: खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग, झेंड्याच्या पट्ट्यांची दिशा, आज कोणत्या रंगाचा गणवेश आहे, गोल कुणाच्या नावावर लागला, की तो स्वयंगोल होता. पाचव्या मिनिटाला कायदा बघणारा माणूस, सहाव्याला ब्रँडचा होकार, सातव्याला पोस्ट. सात मिनिटं ही उत्तम वेळ आहे. होकार ईमेलवर मागणाऱ्यांची पोस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी येते, आणि तोवर लोक पुढच्या सामन्याबद्दल बोलत असतात.

साचे आधी बनवावे लागतात. जिंकलो, हरलो, बरोबरी, जादा वेळ, पेनल्टी, लाल कार्ड, पावसाने खोळंबा, सामना रद्द. या आठ शक्यता, दोन भाषा, आणि चौकोनी, उभा, आडवा असे तीन आकार धरले तर एका सामन्यासाठी ४८ चित्रं होतात. त्यातली ४० कधीच बाहेर पडत नाहीत. हिशोब बघणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते, पण पर्याय नाही. 'हरलो' हा साचा बनवायला कुणालाच आवडत नाही आणि गरज नेमकी त्याचीच पडते. आणखी एक बारीक गोष्ट: इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे असू शकतं. टीमने लॅपटॉपवर स्ट्रीम पाहत बसू नये.

घाईत तपासणी गाळली की काय होतं, याची दोन उदाहरणं २०१४ च्या एकाच विश्वचषकातली. अमेरिकेने घानाला २-१ हरवल्यावर डेल्टा एअरलाइन्सने '२' च्या मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि '१' च्या मागे जिराफ दाखवला. घानात रानात जिराफ नाहीत. आफ्रिका म्हणजे जिराफ, असा आळशी विचार त्यामागे होता, आणि लोकांनी तो तत्काळ पकडला. काही दिवसांनी नेदरलँड्सने मेक्सिकोला हरवलं तेव्हा केएलएमने विमानतळावरच्या 'प्रस्थान' पाटीशेजारी मिशीवाला, मोठ्या टोपीचा माणूस काढून 'अडियोस अमिगोस' लिहिलं. मेक्सिकोतून संतापाची लाट आली आणि ट्वीट काढावं लागलं. दोन्ही कंपन्या विमानांच्या, म्हणजे हरलेल्या देशाचे लोकही त्यांचे गिऱ्हाईक. जिंकणाऱ्याचं कौतुक करावं, हरणाऱ्याची टवाळी चाहत्यांवर सोडावी.

सगळ्यात कमी चर्चेतलं आणि सगळ्यात महत्त्वाचं बटण म्हणजे 'सगळं थांबवा'. १२ जून २०२१ रोजी फुटबॉलच्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन खेळता खेळता मैदानात कोसळला आणि त्याच्यावर तिथेच हृदय पुन्हा सुरू करण्याचे उपचार झाले. अशा क्षणी 'हाफटाइमला काय खाताय?' ही आधीच शेड्यूल केलेली पोस्ट आपोआप पडते, कारण यंत्राला मैदानात काय चाललंय ते माहीत नसतं. म्हणून रांगेतल्या सगळ्या पोस्ट आणि चालू जाहिराती एका माणसाला, कुणालाही न विचारता, थांबवता आल्या पाहिजेत. जाहिराती बहुधा दुसरीच टीम दुसऱ्याच सॉफ्टवेअरवरून चालवत असते, त्यामुळे पोस्ट थांबतात आणि जाहिराती चालूच राहतात. दोन्ही टीमचे फोन नंबर एकाच कागदावर हवेत.

लोकांच्या हातात माईक दिल्यावर

चाहत्यांकडून काहीतरी करून घ्यायचं ही प्रायोजकांची आवडती युक्ती. फोटो पाठवा, नाव टाका, तिकिटं जिंका. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या वॉकर्स या वेफर्सच्या ब्रँडने चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याच्या तिकिटांसाठी अशी स्पर्धा लावली. सेल्फी पाठवायचा, आणि माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर तो हातात धरून दाखवतोय असा व्हिडिओ आपोआप तयार होऊन प्रसिद्ध व्हायचा. लोकांनी सेल्फीऐवजी कुख्यात खुन्यांचे फोटो पाठवले आणि लिनेकर ते हसतमुखाने धरून उभा असलेला दिसला. मोहीम त्याच दिवशी बंद. दोन वर्षांनी आदिदासने आर्सेनल क्लबच्या नव्या जर्सीसाठी तसंच केलं. ट्वीटला प्रतिसाद देणाऱ्याचं युजरनेम जर्सीच्या पाठीवर छापलेलं चित्र आपोआप तयार व्हायचं. वंशद्वेषी नावांची अकाउंटं पुढे आली आणि ती नावं कंपनीच्या अधिकृत हँडलवरून जर्सीवर झळकली.

दोन्हीकडे दुखणं एकच: अनोळखी माणसाने दिलेली गोष्ट, मध्ये माणूस न ठेवता, ब्रँडच्या नावाने बाहेर पडली. निषिद्ध शब्दांची यादी पुरत नाही, कारण अक्षराऐवजी आकडा घातला की यादी आंधळी होते. फोटोला तर ती लागूच नाही. मोहीम स्वयंचलितच हवी असेल तर मोकळा मजकूर घेऊ नये, ठरलेल्या पर्यायांतून निवडायला लावावं. किंवा तयार झालेलं चित्र फक्त त्या चाहत्याला खासगीत पाठवावं, पुढे टाकायचं की नाही ते त्याने ठरवावं. हजेरी कमी लागते, पण झोप लागते.

हॅशटॅगचंही असंच. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकआधी मॅक्डोनाल्ड्सने खेळाडूंना शुभेच्छा देण्यासाठी 'चिअर्स टू सोची' हॅशटॅग काढला. रशियातल्या समलिंगीविरोधी कायद्याचा निषेध करणाऱ्यांनी तो उचलला आणि शुभेच्छांपेक्षा निषेधच जास्त दिसू लागला. आयोजक देशाशी ज्यांचं भांडण आहे त्यांना त्या देशाच्या सरकारपेक्षा प्रायोजकाचं अकाउंट हाताशी असतं. करार करतानाच हे ओझं सोबत येतं.

आयोजकांनीच तोंडघशी पाडलं तर? कतार विश्वचषकाला दोन दिवस उरले असताना, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, स्टेडियम परिसरात बिअर विकायला बंदी झाली. बडवायझर ही फिफाची अधिकृत बिअर. 'वेल, दिस इज ऑकवर्ड' असं ट्वीट तिच्या अकाउंटवर आलं आणि थोड्याच वेळात नाहीसंही झालं, पण तोवर ते सगळीकडे पोचलं होतं. पाठोपाठ कंपनीने कॅनच्या खोक्यांनी भरलेल्या गोदामाचा फोटो टाकला: जो देश जिंकेल त्याला ही बिअर. न विकलेला माल हाच मोहिमेचा विषय झाला. करारभंगाची भांडणं वकिलांकडे ठेवून चाहत्यांसमोर फक्त गोदाम ठेवलं, हे मला त्या स्पर्धेतलं सगळ्यात हुशार काम वाटतं.

आकडे वाचताना

स्पर्धा संपली की अहवाल येतो आणि त्यात 'इतके कोटी इम्प्रेशन्स' असतं. इम्प्रेशन म्हणजे पोस्ट पडद्यावर येऊन गेली. पाहिलीच असं नाही. जाहिरातीच्या पैशाने आलेली आणि आपणहून आलेली इम्प्रेशन्स वेगळी मागावीत, नाहीतर विकत घेतलेली गर्दी लोकप्रियता म्हणून दाखवली जाते. भावना मोजणारी सॉफ्टवेअरं उपरोधापुढे हतबल होतात. 'वा, काय पंचगिरी!' हे त्यांना कौतुक वाटतं. त्यातल्या त्यात भरवशाची पद्धत म्हणजे मोहीम पाहिलेल्यांचा आणि मुद्दाम न दाखवलेल्यांचा, असे दोन गट घेऊन एकच प्रश्न विचारायचा: या स्पर्धेचा प्रायोजक कोण? दुसऱ्या गटानेही तितकंच बरोबर उत्तर दिलं तर मोहिमेने काही केलं नाही. आणि दोन्ही गटांनी प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं तर ॲम्बुश करणारा जिंकला. असं होतं, आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर होतं.

आकड्यांना कारण चिकटवण्याची घाई बाहेरचेही करतात. १४ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या पत्रकार परिषदेत क्रिस्तियानो रोनाल्डोने समोरच्या कोका-कोलाच्या दोन बाटल्या बाजूला सरकवून पाण्याची बाटली उचलली. त्यामुळे कंपनीचं बाजारमूल्य ४ अब्ज डॉलरने घसरलं, असं जगभर छापून आलं. पण तो दिवस शेअरच्या लाभांश-वजावटीचा होता, म्हणजे त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही, म्हणून भाव तसाही उतरतो. आणि रोनाल्डो खुर्चीत बसण्याआधीच घसरण सुरू झाली होती.

अहवालानंतर एक काम उरतं आणि ते करायला बहुधा कुणी थांबलेलं नसतं. हक्कांची शेवटची तारीख उलटली की प्रोफाइलमधलं 'अधिकृत भागीदार', वरचं बॅनर, पिन केलेली पोस्ट, आणि कमी बजेटवर चुपचाप चालू राहिलेल्या जाहिराती काढाव्या लागतात. जुन्या पोस्ट ठेवता येतील का हे करारात पाहावं. पुष्कळदा त्या राहू शकतात, पण पैसे देऊन पुन्हा पुढे ढकलता येत नाहीत. एजन्सीचा करार स्पर्धेसोबतच संपलेला असेल तर अकाउंटचा पासवर्ड कुणाकडे आहे, ते आधी शोधावं लागतं.